कपाटातल्या चादरी आणि निरीक्षणगृहाची तपासणी

कोरांटी
गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा एकदा तो 'निबंध' निघाला, पुण्याच्या पोर्शे अपघातातल्या अल्पवयीन मुलाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेला. पोर्शे, तीनशे शब्द, बड्या बापाचं पोर, सगळं यथासांग झालं. त्यात एकीनं लिहिलं, "रिमांड होममध्ये टाकायचा ना, तिथं बरोबर सरळ करतात." रिमांड होम म्हणजे आताचं निरीक्षणगृह. मी नोकरीच्या शेवटच्या पाच वर्षांत अशा एका घराच्या पायऱ्या दर तीन महिन्यांनी चढले आहे. ग्रुपवर गप्प बसले, इथे लिहिते.

मी सरकारी डॉक्टर, २०२२ साली निवृत्त. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ५४ आहे. त्याप्रमाणे सरकारनं जिल्ह्याची तपासणी समिती नेमायची, समितीनं प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची, भेटीला किमान तीन जण हवेत, त्यात एक बाई हवी आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. मी एकटीच दोन्ही रकाने भरत असल्यामुळे मला बोलावणं सगळ्यांना सोयीचं पडायचं. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

भेटीच्या दोन दिवस आधी फोन यायचा. "मॅडम, गुरुवारी येताय ना? जेवूनच जा." गुरुवारी जीपमधून उतरलं की फाटकापाशीच फिनेलचा वास. आत भिंतीला आहाराचा तक्ता, खडूनं नुकताच लिहिलेला. मुलं उंचीप्रमाणे रांगेत. "काही त्रास आहे का रे?" "नाही मॅडम." "जेवण कसं असतं?" "चांगलं असतं मॅडम." तीस-पस्तीस गळ्यांतून एक आवाज, शाळेत पाढे म्हणतात तसा. पलंगावर कोऱ्या चादरी. इतक्या कोऱ्या की दुकानातल्या घडीच्या रेघा अजून त्यांच्यावर उमटलेल्या.

पहिल्या दोन भेटींत मीही 'स्वच्छता समाधानकारक' असं लिहून आले. तिसऱ्या वेळी एक पोरगा रांगेत उभ्या उभ्या मनगट पँटीला घासत होता. सगळ्यांना म्हटलं, हात पुढे करा, बोटं फाका. निम्म्याहून जास्त मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज, काहींची चिघळून पिकलेली. खरजेला एकट्यादुकट्याला मलम देऊन भागत नाही. सगळ्यांना एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत औषध लावायचं आणि त्याच दिवशी कपडे-चादरी उकळत्या पाण्यातून काढायच्या. तसं अहवालात लिहिलं. पुढच्या तिमाहीत अनुपालनाचा कागद आला: 'औषधोपचार करण्यात आले.' खरूज होती तिथेच.

मग मी चादर उचलून खालची गादी बघितली. गादीवर जुनी चादर तशीच होती, रंग सांगता येणार नाही अशी. कोरी चादर तिच्यावर अंथरलेली. स्वयंपाकाच्या मावशी हळूच म्हणाल्या, "नव्या चादरी हापिसातल्या कपाटात असत्यात बाई. तुमी आलात की निघत्यात."

दाराशी तक्रारपेटीही होती. कुलूप गंजलेलं. किल्ली कुणाकडे म्हटल्यावर अधीक्षकांनी टेबलाचे तीन खण उपसले.

ते अधीक्षक वाईट गृहस्थ नव्हते. दोन संस्थांचा कार्यभार एकट्याकडे, रात्रपाळीला एक काळजीवाहक. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल नाही. माझं म्हणणं असं आहे की संस्था महिला व बालविकास खात्याची किंवा त्याच्या अनुदानावरची, समितीत खात्याची माणसं, आणि आमचा अहवाल जायचा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, म्हणजे पुन्हा त्याच खात्यात. मी वीसेक अहवालांवर सह्या केल्या. त्यातला एकही बाहेरच्या माणसानं वाचल्याचं मला माहीत नाही. मुलांची नावं काढून हे अहवाल लोकांसमोर का ठेवू नयेत? इथे वकील आहेत, खात्यातलेही कुणी असतील. सांगा.

खान्देशी_ठेचा
ताई, खरजेचं वाचून वाईट वाटलं, पण ही पोरं तिथं का येतात तेही लिहा की. आमच्या गल्लीत सतरा वर्षांच्या पोरानं कोयता काढला होता. महिन्याभरात परत चौकात, वर कॉलर ताठ. देखरेख करायचीच तर यांना सोडणाऱ्या बाल न्याय मंडळांच्या निकालांवर करा. चादरी नंतर.

चिंचपेटी
वाचतेय. 'नव्या चादरी हापिसातल्या कपाटात असत्यात' इथे थांबावं लागलं.

काळाकोट
बाल न्याय मंडळापुढे बारा वर्षं वकील म्हणून उभा राहतोय, त्यामुळे दोघांनाही उत्तर देतो.

ठेचाभाऊ, मंडळावर देखरेख नाही असं नाही. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य, त्यांतली एक स्त्री असायलाच हवी. हे दोन सदस्य राज्य सरकार नेमतं. सलग तीन महिने विनाकारण गैरहजर राहिले, वर्षातल्या पाऊण बैठकांनाही आले नाहीत किंवा अधिकाराचा गैरवापर केला, तर चौकशी करून सरकार त्यांना काढू शकतं. पोर्शेचंच घ्या. १९ मे २०२४, रविवार. मंडळ बसलेलं नसताना मुलाला एका सदस्यापुढे हजर करता येतं, तसं केलं आणि त्या एकट्या सदस्यानं जामीन दिला. निबंधाची अट त्यातली. ओरड झाली, खात्यानं चौकशी समिती नेमली आणि ऑक्टोबरात दोन्ही सामाजिक सदस्यांना घरी पाठवलं. आता दुसरी बाजू. दबाव वाढल्यावर जामीन कायम असतानाच मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं, तेही चुकीचंच होतं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवून त्याला सोडलं. देखरेख कॅमेऱ्यांच्या गर्दीत जागी झाली की अशी दोन्हीकडे धडपडते. एरवी एखाद्या मंडळात सदस्याची खुर्ची वर्षभर रिकामी असली तरी कुणी विचारत नाही.

कोरांटीताई, तुमच्या काळापुरतं तुमचं बरोबर, पण कायदा बदललाय. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. आता कलम ५४ चा अहवाल आठवड्याच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि महिन्याभरात कार्यवाही त्यांनी करायची. शिवाय मंडळानं स्वतः दर महिन्याला एकदा निरीक्षणगृह बघायचं, ते वेगळंच. तुम्हाला मंडळाची माणसं तिथं कधी भेटली का?

कोरांटी
दुरुस्तीबद्दल आभार, मला माहीत नव्हतं. मंडळाची भेटवही असायची, सह्याही असायच्या. बरेचदा एकाच पेनानं, एकाच बैठकीत केल्यासारख्या तीन महिन्यांच्या सह्या. याहून जास्त म्हणणार नाही.

खान्देशी_ठेचा
म्हणजे खातं सोडून कलेक्टरकडे गेलं, एवढंच ना. कलेक्टरला टंचाई, निवडणूक, व्हीआयपी दौरे यांतून वेळ कधी मिळायचा?

काळाकोट
ते खरंय. पण निदान खात्याबाहेरचा माणूस आहे. पूर्वी तोही नव्हता.

संपादक
पोर्शे प्रकरणातल्या मुलाचं आणि त्याच्या घरच्यांचं नाव असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. कलम ७४ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाची, ओळख उघड करणं गुन्हा आहे, ती पेपरात आधीच आली असली तरीही. धागा निरीक्षणगृहांचा आहे, तिकडेच राहू द्या.

फाईलबहाद्दर
दोन दिवस लिहू की नको करत होतो. मी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आहे, कंत्राटी. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा आणल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असं कायदा सांगतो. म्हणजे त्याच्या घरी जायचं, आईबाप, शेजारी, शाळा, सगळ्यांशी बोलायचं. माझ्याकडे तीन तालुके आहेत, एसटीनं फिरतो, बिलं मार्चअखेरीस निघाली तर निघाली. त्यामुळे कधीकधी आईला ऑफिसात बोलावून तिच्यासमोरच 'गृहभेट' भरावी लागते. लाज वाटते पण लिहितो.

आता चादरींबद्दल. कोरांटी मॅडमना वाटतंय की ते कपाट समितीला फसवायला होतं. थोडं होतंही. पण संस्थेत एक साठा नोंदवही असते. नवी चादर वापरायला काढली आणि फाटली, हरवली, पोरानं तिची दोरी करून खिडकीला बांधली, की ती निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून वजा करायला, प्रस्ताव करावा लागतो. प्रस्ताव वर जातो, वर्षभर फिरतो. मधल्या काळात ऑडिट आलं तर संख्या जुळत नाही आणि वसुली अधीक्षकाच्या पगारातून निघते. चादर कपाटात असेल तर संख्या जुळते. ऑडिटवाला चादरी मोजतो. खरूज मोजायला कुठल्या नोंदवहीत रकाना आहे?

चिंचपेटी
बापरे. म्हणजे चादर वापरली तर शिक्षा आणि कपाटात ठेवली तर शाबासकी.

आकडेमोड
थोडी भर. न्यायव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्टवाल्यांनी माहिती अधिकारातून देशभरातल्या ३६२ बाल न्याय मंडळांची माहिती गोळा केली होती. ३१ ऑक्टोबर २०२३ ला त्यांच्यापुढच्या प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित होती, आणि साधारण दर चारांतल्या एका मंडळात सदस्य पूर्ण नव्हते. कायद्यात चौकशी चार महिन्यांत संपवायची आहे, दोन महिने मुदतवाढ मिळते. किरकोळ गुन्ह्यात त्यातही संपली नाही तर प्रकरण बंदच करायचं.

मला गंमत वाटली ती वेगळीच. हे आकडे सरकारी संकेतस्थळावर सापडायला हवे होते. ते अर्ज करकरून गोळा करावे लागले. जिथे आकडाच अर्ज करून काढावा लागतो तिथे देखरेख कशाच्या जोरावर करतात?

जुनी_पुस्तकं
हे दुखणं नवं नाही. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा १९२४ चा. डोंगरी, माटुंग्याचं डेव्हिड ससून, या मुलांना ठेवायच्या संस्थांची नावं आमच्या आजोबांच्या तोंडी असायची, "वात्रटपणा केलास तर डोंगरीला पाठवीन." पुढे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे मुलं तुरुंगात मोठ्यांबरोबर ठेवतात म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन मुलं शोधायला सांगितलं, त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. मग २००० चा, मग २०१५ चा. आणि २००५ च्या एका याचिकेवर, संपूर्णा बेहुरा यांच्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, रिकाम्या जागा भरा, आणि उच्च न्यायालयांनी यावर स्वतःहून लक्ष ठेवा. तेरा वर्षं लागली 'जागा भरा' एवढं सांगायला.

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून तिकडचं. इथं सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. मेडवे इथल्या मुलांच्या केंद्रात कर्मचारी मुलांना मारहाण करतात हे जानेवारी २०१६ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यानं बाहेर काढलं. २०१७ च्या वार्षिक अहवालात तुरुंगांच्या मुख्य तपासनिसांनी लिहिलं की त्या वर्षी आम्ही बघितलेली मुलांची एकही कोठडी सुरक्षित म्हणता येणार नाही. म्हणजे गोऱ्यांचंही कपाट होतंच.

पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, ते वाक्य सरकारी तपासनिसानंच लिहिलं आणि ते मी घरात बसून वाचलं. अहवाल जाहीर होतात. तपासणी बहुतेक वेळा न सांगता होते. परिस्थिती फारच वाईट दिसली तर तपासनीस मंत्र्याला तातडीची सूचना पाठवतात आणि मंत्र्याला २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावं लागतं. फेल्टम आणि कुकम वुड या मुलांच्या तुरुंगांबाबत अनुक्रमे २०१९ आणि २०२३ मध्ये हे झालं. दुसरी गोष्ट, प्रत्येक तुरुंगात स्थानिक नागरिकांचं एक स्वतंत्र मंडळ असतं, बिनपगारी. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका एका तुरुंगाच्या मंडळावर आहेत. त्यांच्या कमरेला किल्ल्या असतात. मनात येईल तेव्हा जातात, कुठलंही दार उघडतात, कुणाशीही एकट्यानं बोलतात. तुमच्या तक्रारपेटीच्या गंजलेल्या कुलपाचं वाचून मला त्या किल्ल्या आठवल्या.

खान्देशी_ठेचा
आपल्याकडे अशा किल्ल्या दिल्या तर पहिला नंबर नगरसेवकाच्या मेव्हण्याचा लागेल.

आकडेमोड
:) तरी ठेचा, बाहेरच्या माणसाचा फरक पडतो. मुझफ्फरपूर आठवा. बिहार सरकारनंच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाला राज्यातली निवारागृहं बघायला सांगितलं, म्हणून २०१८ मध्ये मुझफ्फरपूरच्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं ते भयंकर प्रकरण उघड झालं. ते मुलींचं बालगृह होतं, निरीक्षणगृह नव्हे, पण कायदा हाच. त्याआधीही तिथं सरकारी तपासण्या होतच होत्या की. 'कोशिश'ची मंडळी रांगेतल्या मुलींना "काही त्रास?" विचारून परत आली नाहीत, बसून बोलली.

कोरांटी
हो. आणि मी रांगेतच विचारत राहिले, हे मला आता टोचतं. एकेकाला तपासायच्या खोलीत घेतलं असतं तर चाललं असतं, डॉक्टरला कोण अडवणार होतं? पण बरोबरच्या साहेबांना चारपर्यंत परत जायचं असायचं.

रानवारा
आयडी जुना आहे, पण हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मी चार महिने होतो. साल आणि गाव सोडा. गुन्हा मोटारसायकलचा, चालवली मित्रानं, मागे मी. तुम्ही सगळे तपासणीचं बोलताय. आम्ही आत तपासणीची वाट बघत नव्हतो, तारखेची बघत होतो. तारखेला व्हॅन आली नाही की तारीख पुढे. व्हॅनबरोबर पोलीस मिळाला नाही की पुढे. पोलीस मिळाला आणि तिकडे मंडळाच्या मॅडम रजेवर, पुढे. चार महिन्यांत माझ्या बापानं सात खेपा घातल्या, प्रत्येक खेपेची रोजी बुडाली.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी आमची तालीम व्हायची. मोठा मुलगा 'मॅडम' व्हायचा आणि आम्ही 'चांगलं असतं' म्हणायचो. जो हसला त्याला जेवण उशिरा.

आणि चादरींचं. कोरांटी मॅडम, तुम्ही गेल्यावर त्या लगेच काढत नव्हते. कधीकधी दुसऱ्या दिवशी दुसरे कुणी साहेब यायचे असायचे, म्हणून रात्रभर राहायच्या. घडी मोडली तर मार. म्हणून त्या रात्री आम्ही खाली फरशीवर झोपायचो. पलंग मोकळे, चादरी ताठ, आणि आम्ही खाली. मला नव्या कापडाचा वास अजून सहन होत नाही, बायको हसते.

ठेचाभाऊंना एवढंच की कोयतेवाला होता आमच्यात एक. त्याला रोज भेटायला माणसं यायची, त्याचं कसलंच अडलं नाही. अडायचं आमच्यासारख्यांचं.

चिंचपेटी
...

खान्देशी_ठेचा
रानवारा, माफ कर भाऊ. माझा कोयत्याचा मुद्दा मी सोडत नाही, पण तुझ्याशी त्याचा संबंध नव्हता.

कोरांटी
रानवारा, मी ते घडीचं प्रत्येक वेळी बघत होते. रात्री तुम्ही कुठे झोपता हे मी कधीही विचारलं नाही.

काळाकोट
रानवारा, एक कामाचं. नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत कुणी ते जुनं प्रकरण काढलं तर ऐकून घेऊ नका. कलम २४ प्रमाणे या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्यामुळे कसलीही अपात्रता येत नाही, अपवाद फक्त प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यांचा. गरज पडली तर निरोप टाका, फी नाही.

बाकीच्यांसाठी: कलम ५४ मध्ये भेटीची पूर्वसूचना द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. तो फोन निव्वळ रिवाज आहे. आपण आठ-दहा जणांनी आपापल्या जिल्ह्यात माहिती अधिकाराचे अर्ज टाकू या. गेल्या दोन वर्षांत तपासणी समितीच्या भेटी कोणत्या तारखांना झाल्या, अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना कधी मिळाले, त्यावर काय कार्यवाही झाली. मुलांची नावं नकोत असं अर्जातच लिहायचं, म्हणजे गोपनीयतेचं कारण सांगून फेटाळता येणार नाही. मसुदा रविवारी इथे डकवतो.

थेम्सकाठी
मसुद्यात तक्रारपेटीचंही घाला ना. ती उघडायची कुणी, याचा काही नियम आहे का?

काळाकोट
आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे राहायची आणि पेटी दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची असं आहे. कागदावर आपण कुणाला हार जात नाही.

फाईलबहाद्दर
मसुद्यात माझी एक भर. 'चादरी पुरेशा आहेत का' असं विचारू नका, 'आहेत' असंच उत्तर येणार. साठा नोंदवहीची प्रत मागा आणि त्याच महिन्यांची धोब्याची बिलंही मागा. साठ चादरी साठ्याला आणि धुलाई बाराची, असं दिसलं की पुढचं तुमचं तुम्हाला कळेल. आणि अर्ज माझ्या जिल्ह्यात टाकणार असाल तर मला आधी सांगू नका.